नवऱ्याला शिकवलेलं इंग्रजी

लग्न होऊन मी पिंपरीला आले तेव्हा औषधाचा कारखाना नुकताच सुरू झाला होता. चहूकडे बाजरीची रानं आणि मधेच त्या पांढऱ्या, उंच इमारती. वारा आमच्याकडे वळला की कसलातरी आंबूस वास यायचा. माझे यजमान तिथल्या प्रयोगशाळेत कामाला होते. इंटर सायन्स झालेले, कामात नीटनेटके, स्वभावाने हसरे. इंग्रजी वाचायचे, लिहायचेही. पण बोलायची वेळ आली की मान खाली घालून उभे राहायचे.

आम्ही पिंपरी गावात एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकीण म्हातारपणाकडे झुकलेली बाई होती. सगळं गाव तिला आत्याबाई म्हणे, मीही म्हणू लागले. माझं माहेर नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वडील तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत. आई मी लहान असतानाच गेलेली. संध्याकाळी दुसऱ्या घरांतून परवचा ऐकू यायचा तेव्हा आमच्या घरात बापलेकीचं इंग्रजी व्याकरण चालायचं. मॅट्रिकला मला इंग्रजीत चांगले गुण पडले, पण कॉलेज परगावी, तिथे मला ठेवणार कोण? वर्षभरात लग्न झालं.

एकदा यजमान कारखान्यातून आले ते गप्प गप्प. जेवायला बसले तरी अर्धी भाकरी पानात तशीच. खोदून विचारलं तेव्हा कळलं. कारखान्यात परदेशी तज्ज्ञ होते, त्यांतल्या एका साहेबाकडे कपाटाची किल्ली मागायची होती. हे म्हणाले, "गिव्ह मी द की." साहेबाने किल्ली दिली, पण आजूबाजूचे लोक हसले. का हसले ते यांना कळलं नव्हतं. व्याकरण तर बरोबर होतं.

मी म्हटलं, चूक काही नाही, फक्त कुड राहिलं. "कुड यू गिव्ह मी द की."

त्यांना ते पटेना. कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ, आणि किल्ली तर आत्ता हवी आहे. मग मी वडिलांनी मला सांगितलं होतं तेच सांगितलं. आपण 'दे' म्हणतो, 'द्या' म्हणतो, तू म्हणतो, तुम्ही म्हणतो. त्यांच्याकडे राजालाही यू आणि गड्यालाही यू. मग मान ठेवायचा कुठे? तो या छोट्या क्रियापदांत ठेवायचा. कॅनचं कुड केलं की बोलणारा एक पाऊल मागे सरकतो आणि समोरच्याला जागा करून देतो.

मग उरलेली भाकरी त्यांनी खाल्ली.

तिथून आमची शिकवणी सुरू झाली. ते कामावरून आले, चहा झाला, की आम्ही ओट्यावर बसायचो. एरवी मी अहो म्हणायची आणि ते अगं. शिकवणीपुरतं मात्र ते मला बाई म्हणत. मी म्हणायची, "पुन्हा म्हणा," आणि ते शहाण्या विद्यार्थ्यासारखं पुन्हा म्हणायचे. आत्याबाई समोर डाळ निवडत बसलेली असायची. आमचं ऐकून तिला वाटायचं आम्ही कसलातरी जप करतो.

कॅन म्हणजे अंगातली ताकद, हे त्यांना लगेच समजलं. मस्टचे दोन अर्थही समजले. एक सक्तीचा, म्हणजे जायलाच पाहिजे, आणि दुसरा खात्रीचा, म्हणजे ते आत्ता घरी असणारच. शुड म्हणजे करावं, केलेलं बरं. अडायचं ते मेपाशी. पाऊस कदाचित पडेल, तिथेही मे. तुम्ही बसू शकता, तिथेही मे. एकाच शब्दात एवढी अनिश्चितता आणि एवढा अधिकार कसा मावतो, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, परवानगीचा मे जो वापरतो त्याच्या हातात सत्ता असते, ज्याला म्हटलं जातं त्याच्या हातात नसते. ते म्हणाले, "म्हणजे मला तो कधी वापरता यायचा नाही. या घरात सत्ता तुझी आहे." आणि मोठ्याने हसले. आत्याबाईने डाळीतून मान वर करून पाहिलं.

मला विचाराल तर माझा संसार तो तेवढाच. ओट्यावरच्या त्या संध्याकाळी.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत ते साहेबांशी नीट बोलायला लागले. परदेशी शिक्षणासाठी कारखान्यातून काही माणसं पाठवायची होती, त्यात त्यांची निवड झाली. मुलाखतीत त्यांनी एकही वाक्य अडखळत म्हटलं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. मला किती आनंद झाला ते कसं सांगू! त्यांच्यासाठी लोकरीचा स्वेटर विणला. निरोप द्यायला मी पिंपरी स्टेशनपर्यंत गेले. गाडी सुटताना ते दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पुढचा धडा आल्यावर."

मी माहेरी गेले नाही. खोल्या बंद राहू नयेत अशी त्यांची इच्छा होती आणि माझीही. जवळच्या निर्वासितांच्या छावणीतल्या मुलींना मी इंग्रजी शिकवायला जाऊ लागले, त्यात दिवस जायचे. त्यांची पत्रं येत. थंडी, यंत्रं, उकडलेले बटाटे. त्यात लपवलेलं काही नव्हतं, निदान मला दिसलं नाही.

वर्ष सरल्यावर ते आले. अंगाने बारीक झालेले, केस वेगळ्या तऱ्हेने कापलेले. मी पाणी दिलं तर म्हणाले, "थँक यू." मला हसू आलं. नवऱ्याने बायकोचे आभार मानलेले मी कधी ऐकले नव्हते. पण ते थांबेना. मीठ हवं असलं तरी वुड यू माइंड, दार लावायचं असलं तरी इफ यू कुड. मराठी बोलायचे तेव्हा अगं म्हणणं टाळायचे. हाकच मारायचे नाहीत. समोर येऊन उभे राहायचे, मी बघेपर्यंत. आधी वाटलं, तिकडची सवय असेल, जाईल. ओट्यावर बसून धडा पुढे नेऊ म्हटलं तर म्हणाले, दमलोय. ते रोजच दमलेले असत.

आत्याबाईच्या नजरेतून काही सुटत नसे. एकदा चुलीपाशी बसून ती म्हणाली, "पाव्हना आल्यागत वागतोय गं तुजा मालक."

एका रविवारी सकाळी ते म्हणाले, नदीवर फिरून येऊ. पवनेच्या काठाने आम्ही बरंच चाललो. म्हशी पाण्यात बसल्या होत्या, बायका धुणं धूत होत्या. एका बाभळीपाशी थांबून त्यांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. मला वाटलं, धुणाऱ्या बायकांना कळू नये म्हणून. ते म्हणाले, "आय शुड हॅव टोल्ड यू अर्लिअर."

काय सांगायला हवं होतं, हे माझ्या डोक्यात आधी आलंच नाही. आधी आलं ते हे, की वाक्य बिनचूक आहे. आणि शुड हॅव तर मी त्यांना शिकवलंच नव्हतं. आमची शिकवणी तिथवर पोचायच्या आधीच ते बोटीवर चढले होते. व्हायला हवं होतं आणि झालं नाही, असं सगळं त्या शुड हॅवमध्ये येतं. ते त्यांना दुसऱ्या कोणीतरी शिकवलं होतं, आणि शिकवणारी बाईच होती, हे मला त्या एका वाक्यावरून, आणि इतके दिवस टाळलेल्या हाकेवरून, कळलं. पुढचं त्यांनी सांगितलं ते फक्त ऐकायचं राहिलं. तिथल्या प्रयोगशाळेत ती काम करत होती. त्यांना परत जायचं होतं. तिकडे नोकरीचं जवळजवळ ठरलं होतं.

ते फार छान बोलले. कुठे अडखळले नाहीत. आणि शेवटी म्हणाले, "यू मे गो टु युअर फादर. ऑर यू मे स्टे हिअर, इफ यू लाइक."

मी म्हटलं, "मराठीत सांगा."

ते नदीकडे बघत राहिले. ओठ हलले, 'तू' एवढं म्हटलं, आणि थांबले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तिथेच थांबले.

"मराठीत नाही सांगता येत," ते म्हणाले.

"सांगता येत नाही, की सांगायचं नाही?"

त्यांनी रुमालाने चेहरा पुसला. ते रडत होते हे मला दिसलं, आणि त्यांची दयाही आली, त्याचा राग मला आजही येतो. परत येताना आम्ही मागेपुढे चाललो. घरी आल्यावर मी स्वयंपाक केला, कारण बारा वाजत आले होते आणि काय करायचं ते सुचत नव्हतं. आम्ही दोघं जेवलो.

पावसाळा संपायच्या आत ते गेले. मी माहेरी जायला निघाले तेव्हा आत्याबाईने माझी ट्रंक दारात धरून ठेवली. म्हणाली, "न्हाई गेलीस तरी चालंल पोरी. खोली तुजीच हाय. भाडं कोन मागतंय?" मी तिच्या पाया पडले. राहू शकले असते. पण त्या ओट्यावरून रोज ये-जा करायची माझ्यात ताकद नव्हती.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. उठून आत गेले, बराच वेळ माठाशी उभे राहिले. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, की तुला इंग्रजी शिकवायला नको होतं. मी त्यांना परोपरीने सांगितलं की इंग्रजीचा यात काही दोष नाही, जाणारा माणूस मुका असता तरी गेला असता. त्यांना ते पटलं नाही. त्यानंतर आमच्या घरात व्याकरणाचं नाव निघालं नाही.

मी शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं आणि गावातल्याच मुलींच्या शाळेत लागले. इंग्रजीच शिकवायची. कॅन, कुड, मे, माइट दर वर्षी यायचंच. पहिल्या वर्षी फळ्यावर यू मे गो लिहिताना खडू मोडला. मुलींना वाटलं खडू ओला असेल. पुढे सवय झाली.

मग दहा-बारा वर्षांनी एकदा, उन्हाळ्याची सुटी जवळ आली असताना, आत्याबाई शाळेच्या फाटकाशी उभी. नगरकडे कुणाचंतरी लग्न होतं, तिथून पुतण्याला घेऊन वाट विचारत आली होती. घरी नेलं, जेवू घातलं. जेवण झाल्यावर तिने सांगितलं, की 'तुजा मालक' आला होता. एकटाच. कोट घातलेला, केस पिकलेले. अंगणात उभा राहिला, बसला नाही. माझी चौकशी केली. आत्याबाईने सांगितलं, बापाकडे असते, शाळेत शिकवते. तेव्हा तो येण्याविषयी काहीतरी बोलला.

मी तिच्याजवळ सरकले. "काय बोलले? नेमकं काय म्हणाले?"

"ईल म्हनला."

"येईन म्हणाले? की येऊ का म्हणाले? की यायला हवं असं काही?"

आत्याबाई गोंधळली. तिला वाईट वाटत होतं, की तिने ते नीट ध्यानात ठेवलं नाही. "आता ते कसं सांगू बाई? येन्याचं बोलला एवढं खरं. येतो म्हनला का यावं म्हनला, मला न्हाई गं आठवत."

मी पुन्हा पुन्हा विचारलं. ते कुठे उभे होते, कोणाकडे बघून बोलले, आवाज कसा होता. तिने आठवेल ते सगळं सांगितलं. संध्याकाळच्या गाडीने ती गेली.

त्या सुटीत मावशीने मला बोलावलं होतं. मी गेले नाही. पुढची खोली झाडून घेतली, पडदे धुतले, दोन चांगले कप बाहेर काढून ठेवले. स्टेशनवरून टांगा यायचा तो आमच्याच रस्त्याने. घोड्याच्या टापा ऐकू आल्या की मी हातातलं टाकून दाराशी जायची. टांगा कधी वकिलांकडे वळायचा, कधी दवाखान्याकडे.

वडील हे बघत होते. कोण येणार आहे, हे त्यांनी मला विचारलं नाही. काही दिवसांनी त्यांनी आपली खुर्ची आतून पुढच्या खोलीत आणली आणि खिडकीशी ठेवली. त्यांचे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते. तरी टांग्याचा आवाज आला की तेच उठायचे, बाहेर बघून यायचे, आणि स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे बघून नुसती नाही अशी मान हलवायचे. तेव्हापासून सुटी संपेपर्यंत त्यांनी मला एकदाही उठू दिलं नाही.