हिंग जास्त झालाय!

आम्ही सातासमुद्रापार स्कारबरोतली पाच-सहा मराठी घरं महिन्यातून एकदा जेवायला जमतो. कुणीतरी फोडणी टाकतं, वास सुटतो आणि हिंगाचे किस्से सुरू होतात. इतकी वर्षं झाली, स्टॉक काही संपत नाही!

पहिला माझाच. नवीन आलो होतो, बेसमेंटमध्ये राहायचो. घरमालकिणीचा धाक एवढा की आमटी करतानाही कान वरच्या पावलांकडे! एक दिवस हिंगाच्या डबीचं झाकण उघडंच राहिलं. ऑफिसातून परततो तर दारात फायर ट्रक, घरमालकीण बर्फात उभी. "गॅस लीक!" ती ओरडली. फायरमन बाहेर आला, हातात माझी पिवळी डबी. "लीक सापडला," म्हणाला, "झाकण लावत जा!"

दुसरा मिलिंद आणि वैशालीचा. त्यांची रमा तेव्हा पाच आठवड्यांची. त्या दिवशी सकाळपासून रडून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. नागपूरहून आजी व्हिडिओ कॉलवर, "हिंग कोमट पाण्यात कालव, बेंबीभोवती लाव!" मिलिंद येरझाऱ्या घालत म्हणतोय, "आज तिला तपासायला नर्स येणारच आहे, आधी विचारू." वैशालीनं लावलाच. तेवढ्यात बेल वाजली. नर्सच! बाळाच्या पोटावर पिवळं वर्तुळ, घरभर वास. "व्हॉट इज धिस?" उत्तर रमानंच दिलं, खालून, मोठ्ठ्या आवाजात! नर्स म्हणाली, "ओके, गॉट इट!"

हीच रमा शाळेत असताना मिलिंदच्या गाडीत ग्रोसरीच्या पिशवीतला हिंग सांडला. विंटरभर काच खाली करून गाडी चालवली, तरी वास जाईना. रमा रोज म्हणायची, "बाबा, प्लीज, ड्रॉप मी वन ब्लॉक बिफोर!" आता ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला युनिव्हर्सिटीत आहे. परवा फोन आला, "बाबा, कॅन यू मेल मी दॅट स्मेली थिंग?"

आणि हा गेल्या एप्रिलचा. गजभियेदादा आमच्यातले थोरले. आजारपणात त्यांना वास येणं बंद झालं, ते दोन वर्षं तसंच. जेवायचं म्हणून जेवायचे. सुनंदावहिनी रोज सकाळी हिंगाची डबी त्यांच्या नाकाखाली धरायच्या.

"येतोय?"

"नाही."

एकदा दादा चिडून म्हणाले, "आता विचारू नकोस." वहिनींनी विचारणं सोडलं.

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात वहिनी कम्युनिटी सेंटरच्या किचनमध्ये शंभर माणसांच्या वरणाला फोडणी देत होत्या. हॉलमध्ये दादा माइकवर आभार मानत होते. बोलता बोलता एकदम थांबले. हातातला कागद खाली पडला. चक्कर आली की काय, म्हणून मी धावलो.

दादा माइकवरच म्हणाले, "सुनंदा, हिंग जास्त झालाय गं!"

सगळा हॉल हसला. किचनमधून पळी खाली पडल्याचा आवाज आला.