केळीच्या बागेतला मेंबर

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तापीच्या पुरात वाहून आलेली प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं आता पुसट झालं. पण एक साधी बेपत्ता इसमाची तक्रार, जिच्यात ना रक्ताचा थेंब सांडला ना कुणाला अटक झाली, ती आठवली की आजही माझा घास तोंडातच फिरत राहतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्या घरातली माणसं अजून तिथेच नांदताहेत.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात सब-इन्स्पेक्टर होतो. लोक थानेदार म्हणत. राज्यांची जोडतोड चालू होती. नागपूर सुटणार आणि भोपाळहून कारभार चालणार, एवढं पक्कं झालं होतं. त्यापुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी मूळचा वऱ्हाडातला, त्यामुळे माझी फाईल मुंबईकडे जाते की इथेच राहते याची रोजची धाकधूक. आमचे हेड कॉन्स्टेबल म्हणायचे, "साहेब, सध्या आपण ना घर के ना घाट के." आणि पुन्हा जप्तीच्या मालखान्याचं कुलूप तपासायला जायचे. राज्य कुठलंही असो, कुलूप तपासावंच लागतं.

अशाच एका सकाळी हजेरी आटोपून मी रोजनामचा पाहत होतो. दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. डोक्यावरचा पदर ठीक, पण पायात एकच जोडवं. दुसरं वाटेत कुठे पडलं हे तिला कळलंही नव्हतं. मुन्शीने तिला बाकावर बसायला सांगितलं तर म्हणाली, "बसायले टाइम नै, भाऊ."

ती आमच्याच हद्दीतल्या एका कसब्यातली. मुलगा तिथल्या म्युनिसिपल कमेटीचा मेंबर, केळी आणि कापूस करणारा. चार-पाच दिवसांपूर्वी बुऱ्हाणपुरात, इतवाऱ्याच्या बाजारात खरेदीला म्हणून आला तो घरी परतलाच नव्हता.

"संशय कुणावर?" मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"संशय कायचा, साहेब? कोनी नेलं हे साऱ्या गावाले मालूम हाय. कुठी ठेवलं तेवढं मालूम नै." आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्याचा बाप चालला. छाती भरून आली हाय, डॉक्टरनं हात टेकले. मले कोनाले शिक्षा नै करायची. बापाले पोराचं तोंड दाखवा, बस."

सगळी फिर्याद एवढीच होती.

आता ह्या 'नेण्या'बद्दल सांगितलं पाहिजे. कसब्याच्या कमेटीचं काम नेहमीचंच असे. नाल्या उपसायच्या, रस्त्यावरच्या कंदिलांना रॉकेल पुरवायचं, देवीची लस टोचणारी पथकं फिरवायची, कोंडवाड्यातल्या गुरांचा लिलाव करायचा. ह्या सगळ्यावर कुणी भांडत नसे. त्या वर्षी मात्र एक विषय पेटला होता: आठवडी बाजार नदीकाठी राहू द्यायचा की मोटार अड्ड्याजवळ हलवायचा. मेंबर दोन्ही बाजूंना सारखे. मग सुरू झाली तिकडची जुनी रीत. सभेच्या आधी आपल्या बाजूचे मेंबर उचलायचे आणि सभेच्या दिवसापर्यंत कुठेतरी दडवून ठेवायचे, म्हणजे समोरच्यांना ते फोडता येत नाहीत. लपणाऱ्यांनाही त्याची हौस असे. खायला गोडधोड, दिवसभर पत्ते, वर नवरदेवासारखा मान. मला ह्या पोरखेळाची मनस्वी चीड होती. नवं राज्य आल्यावर ही कमेटी तरी राहणार की नाही याचा पत्ता नव्हता, आणि हे बाजाराच्या ओट्यांसाठी माणसं लपवत होते.

सभा दुसऱ्याच दिवशी होती. म्हणजे सभेनंतर मुलगा आपोआप घरी आला असता. पण म्हातारा तेवढा थांबेल असं वाटत नव्हतं.

मुलगा ज्या बाजूचा होता त्या गटाच्या म्होरक्याला मी बोलावलं. कापसाचा आडत्या, पांढरंशुभ्र धोतर, तोंडात साखर. "साहेब, आम्हाला काय माहीत? तीर्थाला गेले असतील." वडील आजारी आहेत म्हटल्यावर त्याने हळहळ दाखवली, पण डोळ्यांत काही हललं नाही. त्याला ते खोटं वाटत होतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा मी त्याला निर्ढावलेला समजलो.

हेड कॉन्स्टेबल म्हणजे जुनं खोड. त्यांनी मला एक गोष्ट सुचवली. "साहेब, लपलेल्या माणसाला भाकरी कोणीही पोचवतो. दाढी कोण करणार? सभेला माणूस तुळतुळीत दिसला पाहिजे." त्यांनी टांगेवाल्यांत विचारणा केली. खबर लगेच आली. लोधीपुऱ्यातला एक न्हावी दिवसाआड, आपली पेटी घेऊन, दापोरा गावाच्या वाटेला जात होता. तिकडे त्याचं एकही गिऱ्हाईक नव्हतं.

न्हाव्याला आणलं. मी कुणावर आधी ओरडत नसे. ज्याला खोटं बोलायचं आहे त्याला जरा नुसतं बसवून ठेवावं. त्याचं खोटं त्यालाच बोचायला लागतं. पण हा गडी बधेना. म्हणाला, "साहेब, मी कोनाच्या दाढीची बात कोनाले सांगत नै. गिऱ्हाईक माह्यासमोर मान उघडी करून बसते. तेवढा भरोसा मोडला तं मंग राह्यलं काय?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ह्या प्रकरणात प्रत्येकाचंच म्हणणं बरोबर निघत होतं, हीच तर पंचाईत.

बाई तोवर ठाण्यातच आतल्या बाजूला बसल्या होत्या. त्या उठून न्हाव्यासमोर आल्या. मला वाटलं, आता शिव्याशाप देतील. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, माह्या पोराची दाढी केली काय तू? बरा हाय ना तो?"

न्हाव्याने मान खाली घातली. "बरा हाय, माय," तो म्हणाला. "दापोऱ्याच्या अंगाले, विहिरीजवळच्या केळीच्या बागेत हाय."

बाईंना मी घरी पाठवलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही काकांपाशी बसा. मुलाला मी घेऊन येतो." मला तेव्हा त्यात काही अवघड दिसत नव्हतं.

बागेत शिरलो तेव्हा उन्हं डोक्यावर आली होती. खोपटाच्या सावलीत चटईवर चौघे मेंबर पत्ते कुटत होते. तुळतुळीत चेहरे, कपाळाला गंध. मला बघून कुणी दचकलं नाही. उलट आमचा मेंबर हसला. तिशी उलटलेला, देखणा, उमदा माणूस.

"या साहेब. तुमचीच वाट होती. आमच्या पुढाऱ्यानं पयलेच सांगून ठेवलं, आधी सांगावा येईल का माय-बाप बिमार हाय. मंग येईल का घराले आग लागली. त्यालेबी नै भुललो तं पोलीस येतील."

मी वडिलांची हालत सांगितली. तो पत्ता टाकत म्हणाला, "मी निघालो तवा माहा बाप ओसरीत बसून ऊस सोलत होता, साहेब."

"त्यानंतर ताप भरला. डॉक्टरने आशा सोडली आहे. तुमची आई स्वतः ठाण्यात आली होती."

"माय शेताच्या बांधापलीकडं एकटी जात नै. ठाण्यात कशी येईन?"

मी चिडलो. आवाज चढवला. तेव्हा त्याने पत्ते खाली ठेवले आणि मला समजावून सांगितलं. मागच्या अध्यक्षाच्या निवडीत समोरच्यांचा एक मेंबर असाच लपला होता. त्याला ह्यानेच बाहेर काढलं होतं. निरोप धाडला, तुझ्या भावाला साप चावला. तो बिचारा रडत पळत आला, तर भाऊ घरात जेवत बसलेला. "ही दवा मीच तयार केलेली हाय, साहेब. मलेच काय पाजता?" बाकीचे खो खो हसले. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. इथे दुसऱ्याचं तोंड पोळवलेला माणूसच फुंकून पीत होता.

मनात आलं, ह्याला उचलावा आणि गाडीत घालावा. पण कोणत्या कलमाखाली? माणूस सज्ञान, स्वखुशीने बसलेला, गुन्हा काही नाही. त्याने मला तसा जबाबही लिहून दिला: मी राजीखुशीने येथे आहे, कोणाचा दबाव नाही. कायद्याने माझी चौकशी तिथेच संपली. बेपत्ता इसम सापडला होता.

मी सरळ कसब्याला गेलो. म्हातारा खाटेवर उशांना टेकून होता. श्वासाची घरघर ओसरीपर्यंत ऐकू येत होती, पण शुद्ध होती. बाई पायथ्याशी बसून तळवे चोळत होत्या. मी त्यांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं.

"एखादी खूण सांगा," मी म्हणालो. "त्याला पटेल अशी, घरातलीच."

"कोनतीबी खूण सांगतली तं म्हणेन का कोनी इचारून गेलं. ओळखते मी त्याले. मीच जाते."

मी म्हटलं, "मावशी, जायला-यायला वेळ लागेल. काकांची अशी अवस्था. तुम्ही जाऊ नका, मी पुन्हा प्रयत्न करतो."

"तुमाले तो परत हसन," त्या म्हणाल्या. "मले हसनार नै."

शेजारणीला त्यांनी खाटेपाशी बसवलं. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "पोराले घेऊन येते." म्हाताऱ्याने डोळे उघडले. तो हो म्हणाला की नाही, मला कळलं नाही. बाईंनी तो होकार धरला आणि त्या निघाल्या.

त्यांच्याच दमणीतून, म्हणजे त्या भागातल्या हलक्या छकड्यातून, आम्ही गेलो. बैल चांगले होते. वाटेत बाई एकदाच म्हणाल्या, "त्याले लहानपणी बी लपायची लय आवड होती."

बागेच्या बांधावर त्या खाली उतरल्या. मेंबरने त्यांना दुरून पाहिलं आणि तो उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरताना मी पाहिलं. ते मला पाहावलं नाही. बाईंनी एकच शब्द म्हटला, "चाल." गटाचा एक माणूस "अहो, उद्याची सभा" म्हणून पुढे झाला. मेंबरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

परत येताना त्याने स्वतः बैल हाकले. दिवस कलला होता. गल्लीच्या तोंडाशी आलो तर घरासमोर माणसं जमलेली. शेजारीण दारात आली आणि बाईंना बघून तिने तोंडाला पदर लावला. म्हातारा मघाशीच गेला होता. मुलगा नव्हता, बायको नव्हती. शेजारणीने तोंडात पाणी घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी मेंबर सुतकात. आडत्या मात्र सकाळीच सांत्वनाला आला आणि जाता जाता म्हणाला, "सुतकात सभेला बसायला शास्त्राची ना नाही." मेंबर त्याच्या अंगावर धावून गेला, लोकांनी धरलं म्हणून निभावलं. दुखवट्यामुळे ठराव त्या सभेत झालाच नाही, पुढच्या सभेवर ढकलला. पुढची सभा व्हायच्या आत नवं राज्य आलं, काही काळाने कमेटीच्या जागी सरकारी प्रशासक बसला. बाजार अजून नदीकाठीच भरतो.

तक्रार निकाली काढायला फिर्यादीचा शेवटचा जबाब लागतो. तेरावं झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. मेंबर अंगणात बसला होता, डोकं भादरलेलं, माझ्याकडे बघून उठला आणि आत निघून गेला. बाईंनी सगळं नीट सांगितलं. कुणाविरुद्ध काही म्हणणं नाही, मुलगा परत मिळाला. अंगठा दिला.

मी सवयीने विचारलं, "आणखी काही सांगायचंय?"

त्या आतल्या दाराकडे बघून हळूच म्हणाल्या, "पोराले नका सांगू, साहेब. शेजारीण सांगत होती, त्यायनं शेवटी पोराले नै बलावलं. माह्यंच नाव घेत होते. कुठी गेली, कुठी गेली, म्हणून." आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लगन झाल्यापासून त्यायनं माहं नाव कवा घेतलं नव्हतं. तेवढं एकदा घेतलं, तं मी घरी नव्हती."

पोलिसाला सांत्वन करायला शिकवत नाहीत, आणि शिकवलं असतं तरी त्या घटकेला उपयोगी पडलं नसतं.

खोटा निरोप धाडणारा समोरच्याला फसवतो, एवढंच आपण धरून चालतो. तसं नाही. तो खऱ्या निरोपाची वाट कायमची बुजवून ठेवतो, आणि मग एक दिवस त्या वाटेने त्याच्याच घरचं माणूस येतं. हे मी पुढच्या नोकरीत अनेकांना सांगितलं. ऐकणारे मान हलवत आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा मेंबर लपवत.

मी स्वतः मात्र त्या प्रकरणातून एक गोष्ट उचलली. माझी फाईल शेवटी इथेच राहिली, आणि निवृत्त होईपर्यंत मी ती गोष्ट पाळली. आजारी माणसासाठी कुणाला शोधायला सांगायला कोणी ठाण्यात आलं, की नाव-गाव-वर्णन नंतर. मी आधी विचारायचो, तुम्ही इथे आलात, तर घरी त्यांच्याजवळ कोण बसलंय? आणि तुम्ही परत जा, असं सांगून शिपाई त्यांच्यासोबत घरी धाडायचो. जबाब तिथे, खाटेशेजारी बसून घ्यायचा.