फारसी काय, मराठीच ती!

अब्रूचा पंचनामा व्हायचाच होता, तर तो गिरगावात झाला हे एक बरं. घर जवळ! तोंड लपवून चालत जाता आलं.

आमच्या वाचनालयात इराणच्या एक कवयित्री येणार होत्या, परवीनबाई. कविता फारसीत म्हणणार. कार्यवाह नीलाताईंनी माहीमच्या एका निवृत्त फारसी मास्तरांना दुभाषे म्हणून सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "दुभाष्या कशाला? मी आहे ना!"

"सावंत, तुम्हाला फारसी येते?"

"अहो, तीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. अर्ज, दाखला, जामीन, फिर्याद… सगळी फारसीच की! आपण रोज बोलतो, फक्त आपल्याला पत्ता नसतो."

नीलाताईंनी मास्तरांना येऊ नका म्हणून कळवलं. आता सगळी मदार माझ्यावर!

कार्यक्रमाला ही गर्दी. परवीनबाईंनी हात जोडले, कविता सुरू केली. 'मादर' आलं. म्हणजे आई, सोप्पं! मग 'खून' आलं. मी कोर्टातला माणूस, कान टवकारले. मग 'गर्द', मग 'खस्ता'. त्या थांबल्या, मी घसा साफ केला.

"कवयित्रीच्या आईने फार खस्ता खाल्ल्या हो. आणि शेवटी भर गर्दीत तिचा खून झाला."

पहिल्या रांगेतले बापट कळवळले. "अरेरे! आरोपी सापडला काय?"

आता माघार घेऊ? इतक्या लोकांसमोर? छे! म्हटलं, "पुढच्या कडव्यात येईल."

पुढच्या कडव्यात काही तो आला नाही. मग मी त्याला फरार करून टाकला.

बापट भडकले. "काय चाललंय काय! चला, दोन मिनिटं उभे राहू या माउलीसाठी." अख्खं सभागृह उभं. परवीनबाईही उभ्या राहिल्या, वहीत भराभरा काहीतरी लिहीत. मला वाटलं, बाई भारावल्या.

दोन मिनिटं संपली आणि त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "आई बरी आहे. सकाळीच फोन झाला."

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. "तुम्ही… मराठी?"

"दोन वर्षं दादरला राहते. फारसी शब्द मराठीत येऊन कसे बदलले, त्याचाच अभ्यास करते. आमच्याकडे खून म्हणजे रक्त. गर्द म्हणजे धूळ. खस्ता म्हणजे थकलेला. मुलगी गेली त्या वाटेवरची धूळ बघत बसलेली थकलेली आई, आणि तिच्या काळजातलं रक्त. एवढंच होतं कवितेत."

इतक्या सुंदर ओळी, आणि मी त्यांचा एफआयआर केला! खरंच लाज वाटली. बापट तर माझ्याकडे असे बघत होते, जणू फरार आरोपी सापडला.

मी हात जोडले. "माफ करा बाई. मी आपली प्रयत्नांची शिकस्त केली."

त्या खुदकन हसल्या आणि पुन्हा वही उघडली.

"शिकस्त! आमच्याकडे याचा अर्थ पराभव. सावंतसाहेब, अख्ख्या कार्यक्रमात हा एक शब्द तुम्ही बरोबर वापरलात."