कुमुदिनीकाकूंचा फासा

कुमुदिनीकाकूंवर लबाडीचा आळ आला तेव्हा मी त्यांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून केक खात होते. घास तसाच तोंडात राहिला.

जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला चर्चचा हॉल आहे. तिथे दर गुरुवारी दुपारी म्हातारी मंडळी जमतात आणि आपल्या ल्युडोचा जर्मन भाऊ शोभेल असा खेळ खेळतात. सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही, आणि मागून कुणी गाठलं की मुकाट्यानं परत घरी. काकू आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. गुरुवारी माझं ऑफिस लवकर सुटतं म्हणून मी त्यांना सोबत जाते, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण तो केक.

त्या मंडळींची एक जुनी पद्धत होती. ज्यानं त्यानं आपापला नशिबाचा फासा घरून आणायचा. फ्राऊ ओटरबाखबाईंचा हिरवा, जत्रेत मिळालेला. काकूंचा पिवळा पडलेला, जाडजूड, त्यांच्या नवऱ्यानं, डीटरकाकांनी, लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात दिलेला. तर यंदाही वर्षाचा कप काकूंकडे गेला आणि फ्राऊ ओटरबाख कॉफी ढवळत म्हणाल्या, "कुमुदिनी, मी काही आरोप करत नाही. पण इतके सहा कुणालाच पडत नाहीत. तुमच्या फाशात काहीतरी आहे."

कुणीतरी "छे, काहीतरीच काय" म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते. कुणीही म्हणालं नाही. काकूंना आळापेक्षा ते जास्त लागलं.

काकू मूळच्या मिरजेच्या. डीटर नावाचा एक जर्मन तरुण मिरजेला सतार शिकायला आला आणि काकूंना घेऊन परत गेला. सतार त्याला शेवटपर्यंत जमली नाही. काकूंनी मात्र जर्मन नवऱ्यालाही आयुष्यभर "अहो" अशीच हाक मारली आणि त्यानंही "ओ" दिली. इथल्या केमिकल कारखान्यात त्या रंगांच्या प्रयोगशाळेत होत्या. निवृत्त झाल्या, मग काका गेले. मूलबाळ नाही. राहिला तो गुरुवार.

घरी येताच काकू तडक स्वयंपाकघरात शिरल्या, ओट्यावर पर्स आपटली आणि मला म्हणाल्या, "सुकन्या, मिठाचा डबा काढ. आणि तो उंच ग्लास."

"काकू, जाऊ द्या ना त्या बाईला."

"का म्हणून? कर नाही त्याला डर कशाला! माझा फासा सरळ आहे हे मी तिला प्रूव्ह करून दाखवणार."

त्यांनी कोमट पाण्यात मीठ विरघळवलं, आणखी घातलं, आणखी ढवळलं. मग त्यात फासा सोडला. फासा तरंगू लागला. काकू म्हणाल्या, "आता बघ. फासा समतोल असेल तर दर वेळी कुठलीही बाजू वर येईल. एक बाजू जड असेल तर ती खाली जाणार आणि तिच्या समोरची वर."

फाशानं एक गिरकी घेतली आणि सहा वर आला.

काकूंनी चमच्यानं त्याला बुडवलं, उलटा केला, सोडला. सहा. पाणी बदललं. सहा. ग्लास बदलला, तरी सहाच. मी हसू दाबलं, पण काकूंचा चेहरा पाहून ते आपोआपच विरलं. त्यांनी फासा बाहेर काढून पुसला, सहाच्या समोरची एकची बाजू उजेडाकडे धरली आणि मटकन खुर्चीत बसल्या.

एकच्या त्या मोठ्या खळीत केशरी शेंदूर भरला होता, घट्ट, अगदी काठापर्यंत.

दर दसऱ्याला काकू हत्यारांची पूजा करतात. काकांची सायकल, मिक्सर, लॅपटॉप, आणि त्या सगळ्यांबरोबर हा फासा. बाकीच्यांना कुंकू. फाशाला मात्र मिरजेहून आणलेला, देव्हाऱ्यातल्या गणपतीचा शेंदूर तेलात कालवून एक बोट. खळी आयतीच टिळ्याएवढी होती. इतक्या दसऱ्यांचे थर एकावर एक बसून वाळले होते.

"शेंदूर म्हणजे शिसं गं," काकू म्हणाल्या. "लेड! माझा सगळा जन्म रंगांची वजनं करण्यात गेला. कॅसिनोच्या फाशांचा रंगसुद्धा केलाय आम्ही. त्यांचे ठिपके आधी कोरतात, मग त्यात प्लास्टिकच्याच वजनाचा रंग भरून घासून सपाट करतात, म्हणजे सहाची बाजू हलकी नको आणि एकची जड नको. ते वजन मी स्वतः तपासलंय. आणि इथे माझ्याच देव्हाऱ्यासमोर..."

दिव्याखाली अंधार, दुसरं काय. पण मला काकूंचीच काळजी होती. मी सरळ सुरी पुढे केली. "खरवडून टाका. पुढच्या गुरुवारी स्वच्छ फासा नेऊन दाखवा. विषय संपला."

काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की सुरी मी होती तिथे ठेवली.

"म्हणजे आजवर केली नाही ती लबाडी आता करू?"

"काकू, हे हात दाखवून अवलक्षण आहे. ती बाई तुम्हाला टेबलावर बसूसुद्धा देणार नाही."

"माहितीये मला." त्यांनी सुरी खणात ठेवून दिली. "मला भीती वाटते गं. गुरुवार गेला तर मी कुठे जाऊ? पण तिथे मान खाली घालून बसण्यापेक्षा घरी बसेन."

पुढच्या गुरुवारी काकूंनी लोणच्याची काचेची बरणी, मिठाची पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेला कप असा सगळा जामानिमा माझ्या हातात दिला. त्या दिवशी मला केक दिसलाच नाही, इतका मला राग आला होता: ओटरबाखबाईंचा, काकूंचा आणि गणपतीचासुद्धा.

काकू उभ्या राहिल्या. "आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. दसरा, शेंदूर, शिसं. फासा बरणीत सोडून सहा वर येताना दाखवला. मग कप फ्राऊ ओटरबाखांसमोर ठेवला. "दर वेळी सहा पडतो असं नाही. फरक थोडासाच आहे. पण तुम्ही बरोबर होता. मला माहीत नव्हतं, तरी मी जिंकले ते ह्याच्या जिवावर. कप तुमचा."

फ्राऊ ओटरबाखांनी बरणी आपल्याकडे ओढली. मग त्यांनी आपला हिरवा फासा पाण्यात टाकला. तो रेंगाळला, डोलला आणि सावकाश सहा वर घेऊन थांबला.

"ह्यात तर शेंदूर नाही!" त्या ओरडल्या.

"नाही. पण सहाच्या बाजूला सहा खड्डे कोरलेत आणि एकच्या बाजूला एकच. प्लास्टिक जिथे कमी, ती बाजू हलकी. स्वस्तातल्या फाशांचं असंच असतं."

मग काय, प्रत्येकाला आपला फासा बुडवायचा होता. बरणीभोवती अशी गर्दी झाली की टेबलावर कॉफी सांडली. कुणाचा सहा वर, कुणाचा पाच, एकाचा तर कोपरा झिजून तिरकाच तरंगला. काकूंनी पर्समधून नवा फासा काढला: लाल, आरपार दिसणारा, धारदार कडांचा, कॅसिनोत असतो तसला. त्याचे दोन समोरासमोरचे कोपरे चिमटीत हलके धरून त्यांनी दाखवलं. तो कुठल्याच बाजूला कलला नाही.

"यापुढे सगळ्यांना हा एकच," काकू म्हणाल्या.

"आणि हाही जरासा वाकडा असला तर?" एका आजोबांनी विचारलं.

"असेलही. पूर्ण सरळ फासा अजून कुणी केलेला नाही, केसाएवढं उणं राहतंच. पण मग तो सगळ्यांनाच सारखा वाकडा."

त्या दुपारी काकूंना एकही सहा पडला नाही. चारही सोंगट्या शेवटपर्यंत घरातच बसून राहिल्या. निघताना फ्राऊ ओटरबाखांनी कप कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "हा आता नव्या फाशावर. पुढच्या गुरुवारी खायचं आणायची पाळी तुमची आहे, कुमुदिनी. ती तळलेली चौकोनी बिस्किटं आणा." म्हणजे शंकरपाळे. मला रस्त्यात नाचावंसं वाटलं.

काकू मात्र जिना चढता चढता मध्येच थांबल्या. "सुकन्या, आमचे हे जन्मभर माझ्याशी हरले गं. रोज संध्याकाळी. माझ्या फाशाला मी हात लावू द्यायची नाही, आणि वर चिडवायची, अहो तुम्हाला साधा खेळ येत नाही म्हणून. दसऱ्याला तेलाची वाटी धरून तेच तर उभे असायचे."

घरात शिरताच काकूंनी पदर खोचला, जेवणाच्या टेबलावर पट मांडला आणि समोरच्या खुर्चीवर काकांचा फोटो ठेवला. लाल फासा स्वतःकडे घेतला आणि शेंदूर भरलेला जुना फासा फोटोपुढे सरकवला.

"त्यांच्या वतीनं तू टाक," त्या मला म्हणाल्या. "आज हे जिंकल्याशिवाय उठायचं नाही."