पन्नासच्या खाली जायचं नाही

लिफ्टमेस्त्रींची उभी हयात काळोखात गेली. पस्तीस वर्षं लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत उतरून, टॉर्च दातांत धरून, ग्रीसने माखलेल्या पोलादी दोरांशी झटायचं काम. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी शाळेची जुनी बस घेतली, तिचं घर केलं आणि टपावर सोलरची सहा पॅनेल चढवली, तेव्हा ओळखीच्यांना फारसं नवल वाटलं नाही. "आता जिथे ऊन, तिथे आपण," मेस्त्री सांगायचे.

बायकोने कुरकुर केली नाही. तिने शिलाईमशीन बसमध्ये चढवलं, खिडक्यांना पडदे शिवले. पलंग, ओटा, लहानसा फ्रिज, सगळं बेतशीर बसलं. पलंगाखाली चार जडशीळ बॅटऱ्या होत्या आणि दाराशेजारी त्यांचे टक्के दाखवणारा मीटर. मेस्त्री सकाळी उठले की तोंड धुण्याआधी मीटर बघायचे. या बॅटऱ्या पन्नास टक्क्यांच्या खाली गेल्या की लवकर बाद होतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि ते खरंही होतं. पण त्यांनी त्याचा कायदाच करून टाकला. मशीन चालवायचं ते अकरा ते दोन. इस्त्री नाही. मीटर पन्नासवर आला की मेन स्विच बंद.

"तुमच्यापेक्षा सूर्य बरा," बायको हसत म्हणायची. "तो निदान विचारायला लावत नाही."

मेस्त्रीही हसायचे. पहिलं वर्ष असं हसतखेळत गेलं. दुसऱ्या वर्षी ती हसेनाशी झाली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. पंखा लावू का, मिक्सर फिरवू का, असं ती दर वेळी विचारायची, आणि ते आधी मीटरकडे बघायचे, मग तिच्याकडे.

त्या खेपेला बस एका तलावाकाठी लावलेली होती. आभाळ भरून आलं ते हटेचना. त्याच दिवसांत बायकोची धाकटी बहीण पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाली. ऑपरेशन साधंच होतं. दोघी बहिणी रोज फोनवर बोलत. तिसऱ्या दिवशी दुपारी मीटर पन्नासवर आला आणि मेस्त्रींनी मेन स्विच खाली केला.

"अहो, माझा फोन मरायला टेकलाय."

"उद्या ऊन पडेल. मग लाव."

"दहा मिनिटं तरी लावते."

"एकदा सूट दिली की झालं. नियम कशाला केलाय मग?"

बायकोने चार्जर गुंडाळून डब्यात ठेवला. मेस्त्रींचा स्वतःचा फोन कित्येक दिवस बंदच होता, आणि जवळात जवळचं दुकान तीन कोसांवर.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं नाही. पडलं ते त्याच्या दुसऱ्या दिवशी, तेही दुपारी. फोन सुरू झाला तशी स्क्रीनवर सतरा मिस्ड कॉल आले. बहुतेक सगळे भाचीचे, म्हणजे बहिणीच्या मुलीचे. बहिणीची तब्येत एकाएकी बिघडली होती, आणि आदल्या संध्याकाळी ती गेली होती. त्याआधी तिने स्वतः एक निरोप बोलून ठेवला होता. बायकोने तो ऐकला. "ताई, फोन लागत नाहीये गं. जरा बोलावंसं वाटत होतं. असू दे, नंतर बोलू."

ती रडली नाही, भांडली नाही. पिशवी भरून पुढच्या सीटवर जाऊन बसली. मेस्त्रींनी पाच तास बस हाणली, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

फोन चार्ज करायला बॅटरीचा एक टक्काही लागला नसता. आयुष्यभर विजेत वावरलेल्या माणसाला ते पाठ होतं. त्या दुपारीही ठाऊक होतं, आणि हेच त्यांना आतून कुरतडत राहिलं. कमी वीज होती म्हणून ते नाही म्हणाले नव्हते. नाही म्हणायची सवय लागली होती म्हणून म्हणाले होते.

बायको भाचीकडेच राहिली. महिन्याभराने मेस्त्री न्यायला गेले.

"मी राग धरलेला नाही," ती दारातच म्हणाली. "पण मला आता विचारायचा कंटाळा आलाय. इथे मी बटण दाबते आणि दिवा लागतो."

"आता विचारू नकोस. मेन स्विच मी काढूनच टाकतो."

"स्विचचं नाही हो काही," ती म्हणाली, आणि त्यांना घरात बोलावून पाणी दिलं.

मग मेस्त्रींनी भाचीच्या गावाबाहेरच्या एका गॅरेजच्या आवारात बस कायमची लावली. एकट्या माणसाला वीज लागते कितीशी? अकरा वाजेपर्यंत बॅटऱ्या भरतात आणि उरलेलं ऊन टपावर नुसतं तापत राहतं. दर गुरुवारी बायको येते. दोघं बाहेर घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, भाचीच्या नव्या नोकरीबद्दल, गुडघ्यांबद्दल बोलतात.

एका गुरुवारी मेस्त्रींनी बरेच दिवस मनात असलेलं बोलून टाकलं. "त्या दिवशी माझं चुकलं. कळत होतं, तरी चुकलं."

"हो," ती म्हणाली. मग पाचची बस चुकेल म्हणून ती उठली, आणि मेस्त्री तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले.