जास्वंदीचं लिव्हर

भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये मारोतरावांच्या क्वार्टरपुढची जास्वंद जशी फुलायची, तशी कोणाचीच नव्हती. त्याचं कारण फक्त मारोतरावांना ठाऊक होतं, आणि ते मरेपर्यंत पोटात ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. कोणाच्या मरेपर्यंत, हे तेव्हा ठरायचं होतं.

झालं असं. पोलादाच्या भट्टीवरून रिटायर झाल्यावर मारोतरावांना टीबीनं धरलं. गोळ्या सुरू झाल्या आणि त्या गोळ्यांनीच लिव्हर बिघडवलं. डोळे पिवळे, लघवी पिवळी. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या, लिव्हर निवल्यावर एकेक करून पुन्हा चालू केल्या, माणूस बरा झाला. पण घरात सिंधुताई होत्या. मागच्या अंगणात त्यांची भुईआवळी होती आणि तिचा हिरवागार, कडूजहर रस रोज सकाळी पेलाभर नवऱ्याच्या हातात पडे. मारोतराव पेला घेऊन बाहेर येत, जास्वंदीच्या मुळाशी ओतत आणि मिशा पुसत आत जात.

नाव अर्थातच रसाचं झालं. जन्मभर जिच्या भाजीला शेजारणी हसल्या, ती सिंधुताई आता रसवाली बाई झाली. थेट कॅम्प-१ च्या वस्तीतून बायका यायच्या. गोळ्या खाऊन कोणाचा नवरा पिवळा, कोणाची सासू. सिंधुताई पेला भरून द्यायच्या आणि ओट्यावर बसलेला नवरा दाखवायच्या. मारोतरावही छाती फुगवून खोल श्वास घेऊन दाखवत. फुकटचा मान कोणाला नको असतो?

मग टीबीनं सिंधुताईंनाच गाठलं. त्याच गोळ्या आणि थोड्याच दिवसांत तेच पिवळे डोळे. गोळ्या गिळताना समोर उभी राहायला दवाखान्याची नीतू यायची. तोंडाची अशी, की सकाळी तिच्या कानात पडलेलं दुपारी अख्ख्या सेक्टरात. सिंधुताईंनी काळा चष्मा चढवला, डोळे आले म्हणून सांगितलं आणि रस दोन वेळा सुरू केला.

शेवटी मारोतरावांना राहवलं नाही. बायको रस वाटत होती त्या पाट्याशी येऊन म्हणाले, "गोलूची माय, गोळ्या बंद कर. आजच दवाखान्यात चाल."

"कावून? रस घेऊन राहिली ना मी. तुमचं लिव्हर कोनं राखलं?"

"म्या एक घोट नाही घेतला त्याचा. सारा जास्वंदीले टाकला. डॉक्टरनं गोळ्या थांबवल्या म्हणून वाचलो."

वरवंटा थांबला. सिंधुताईंनी खिडकीतून जास्वंदीकडं पाहिलं. मारोतराव शिव्यांची वाट पाहत उभे.

"बाहेर बोलले कोनापाशी?"

"नाही."

"मंग बोलू नका. आयतवारी मंडळात माहा सत्कार हाय. सोमवारी जाऊ."

"तोवर गोळ्या त थांबव."

"नीतूसमोर? ते इचारन ना कावून म्हणून."

नीतूला मारोतरावांचा एक शब्द पुरला असता. पण तो शब्द निघाला की पहिलं हसं त्यांचंच होणार होतं, आणि बायकोनंच बोलू नका म्हटल्याचं त्यांना, खरं तर, हायसंच वाटलं.

रविवारी महिला मंडळाचं हळदीकुंकू. सिंधुताईंनी गालांना हळद अशी चोपडून घेतली की कातडीचं पिवळेपण तिच्यात मुरून गेलं. मंडळाची सेक्रेटरी गुंजन शाल पांघरताना म्हणाली, "काकी, क्या ग्लो है! रसाचाच ना?" एवढ्या बायकांत पुरुष एकटे मारोतराव, नमुन्यादाखल बोलावलेले. माइक त्यांच्या हातात आला. त्यांनी बायकोकडं पाहिलं. काळ्या चष्म्यातून काही कळेना.

"अमृत हाय," मारोतराव म्हणाले. टाळ्या पडल्या.

सोमवारी सिंधुताई दवाखान्यात गेल्या, पण चालत नव्हे. नवऱ्यालाच त्या 'डॉक्टरसाहेब' म्हणत होत्या आणि माझा रस नासला का, म्हणून विचारत होत्या. पुढचा रविवार काही त्यांनी पाहिला नाही.

तेरवीला गुंजननं डोळे पुसत निकाल दिला. "काकींनी रस साऱ्यांना वाटला. स्वतःच पोटभर घेतला नाही."

दुसऱ्या दिवशी कॅम्पातली एक बाई रिकामा पेला घेऊन फाटकाशी आली. नवरा टीबीच्या गोळ्यांवर, डोळे पिवळे. मारोतरावांचे ओठ हलले. पण ती हात जोडून म्हणाली, "बाबूजी, तुम्ही तर यातूनच उठले म्हणे."

मारोतराव आत गेले, पाट्यावर भुईआवळी वाटली आणि पेला भरून दिला. मग ओट्यावर बसून छाती फुगवली आणि तिला खोल श्वास घेऊन दाखवला.