शेजाऱ्यांनी वाचलेली वॉरंटी

रोह्यात आमच्या शेजारच्या काकांकडे स्वतःची गाडी नाही, त्यामुळे सगळ्या गाड्यांबद्दल त्यांचं मत अगदी निःपक्षपाती असतं. कुणी नवी गाडी आणली, की ते तिच्या दारावर बोटाने टकटक करतात आणि पत्रा पातळ असल्याचं दुःख मालकाच्या तोंडावर व्यक्त करतात. स्वस्त गाड्यांत एकीचं ॲव्हरेज चांगलं पण तोंड बेडकासारखं, दुसरी देखणी पण कायम गॅरेजात, असा त्यांचा अभ्यास. मी बेडूकतोंडी घेतली. पेढा खात काका म्हणाले, "घेतलीस ना? आता भोग."

सहा महिन्यांत वडखळ नाक्यावर तिचं स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. ती ओढून पेणच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि घरी फोन केला, तर माझी फजिती जवळून बघायला काका तिथे हजर.

"हे वॉरंटीत बसत नाय," मॅनेजर म्हणाला. मी निमूट मान डोलावली.

"बसतं. पान सतरा," काका म्हणाले.

वॉरंटीच्या ज्या पुस्तकाची पिशवीही मी फोडली नव्हती, ते या माणसाने मोबाइलवर शोधून वाचून ठेवलं होतं. चष्मा लावून, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते पान वाचायला घेतलं. दुसऱ्या परिच्छेदाला मॅनेजर उठला. दुपारपर्यंत स्टिअरिंगची नवी मोटर बसली, फुकट.

मी अदबीने गाडीचं दार उघडलं. "बसा काका, घरी जाऊ."

"ह्या गाडीत? नाय रे बाबा," म्हणत ते एसटी स्टँडकडे चालू लागले.